उतारावरचं इंजिन

कोलंबो, शुक्रवार, १२ मार्च १९३७

दादा,

आधी चूक दुरुस्त करते, मग बाकीचं. मागच्या पत्रात मी लिहिलं होतं की कँडीहून परत येताना कडुगन्नावाचा घाट आमची मोटार इंजिन बंद करून उतरली, "अगदी दादा उतरतो तशी". ते खोटं आहे. मुद्दाम लिहिलं नव्हतं, पण झालं ते खोटंच. इंजिन चालू होतं. घाटाच्या माथ्यापासून पायथ्यापर्यंत चालू होतं, आणि तेही दुसऱ्या गेरात.

हुसेनभाई, घरात वाचणारे तुम्हीच, म्हणून तुम्हालाच सांगते, हे वाक्य दोनदा वाचा. दादा ओसरीवर बसून काहीतरी घासत असेल आणि ऐकत नसल्यासारखं दाखवत असेल. मोठ्याने वाचा.

वहिनीचं कार्ड काल मिळालं. हुसेनभाई, तुम्ही तिचे शब्द जसेच्या तसे लिहिता त्याबद्दल मी तुमची आभारी आहे. वहिनी म्हणते, "तुमचं पत्र आयकलं अन् हे सालभरात पयल्यांदा हासले. म्हणे, 'पाह्य, लंकेतबी बंदच उतरतेत. अन् मले फौजदारापुढं उभं केलं.' लायसन वापस आलं. पाडव्याले मोटार चिखलदऱ्याहून पयल्यांदा उतरन. मीबी बाळाले घेऊन देवीच्या पाया पडाले जातो. येताना त्याच मोटारीत बसू."

दादा, तुझ्या हसण्याची बातमी मी वर्षभर वाट पाहून मिळवली आणि ती माझ्याच चुकीमुळे आली. तू घाट पुन्हा बंद गाडीने उतरणार, मांडीवर बाळ घेऊन वहिनी आत बसणार, आणि तुझ्या खिशात माझ्या पत्राचा दाखला. म्हणून हे पत्र आजच टपालात पडलं पाहिजे.

चूक कशी झाली ते सांगते, कारण तू विचारशील. (तू विचारणार नाहीस. वहिनीला विचारायला लावशील.)

माणिकबाई कशा आहेत ते तुला माहीत आहे. अकोल्याच्या कापसाच्या जिनवाल्याच्या विधवा, दम्याचा त्रास, डॉक्टरने समुद्राची हवा सांगितली. म्हणून त्या इथे जावयाकडे आल्या आणि वाचून दाखवायला, पत्रं लिहायला मला घेऊन आल्या. समुद्राच्या हवेवर त्यांचा विश्वास आहे, डोंगराच्या नाही. ट्रंकेत त्यांनी स्वतःच्या जिनातला कापूस आणला आहे, पहिल्या वेचणीचा, एक चांगलं गाठोडंभर. परतीच्या वाटेवर कँडी सुटताच त्यांनी गाडी थांबवली, आपल्या कानांत बोळे घातले आणि मग माझ्या. वर स्कार्फ गुंडाळून गाठ मारली. मी नको म्हटलं तर म्हणाल्या, "डोंगरातलं वारं कानात शिरलं की डोकं धरते पोरी. वऱ्हाडात जन्मली अन् कापसाले लाजते?"

त्यानंतर मला धुकं दिसलं, चहाचे मळे दिसले, रस्त्यासाठी आरपार कोरलेला एक मोठा खडक दिसला. ऐकू काही आलं नाही. गाडी गुळगुळीत रस्त्यावरून सरकत होती. सगळं शांत. मला वाटलं, इंजिन बंद आहे. तुझी आठवण झाली आणि तुला आवडेल म्हणून लिहिलं. कानात कापूस होता हे माझ्या लक्षातच आलं नाही.

परवा कळलं. माणिकबाईंचे जावई खुशालराव इथे विमा कंपनीच्या कचेरीत आहेत. त्यांनी आम्हाला फिरण्यासाठी एक ऑस्टिन ठरवून दिली आहे. ड्रायव्हर साल्दिन. तो मलायू मुसलमान, पूर्वी एका बोहरी व्यापाऱ्याकडे होता, म्हणून त्याला हिंदुस्थानी येतं आणि तो सगळ्या बायकांना "बेन" म्हणतो. परवा आम्ही माउंट लाव्हिनियाला चाललो होतो. डावीकडे नारळाच्या बागा, उजवीकडे रेल्वेचे रूळ आणि लगेच समुद्र. नारळाच्या शेंड्यांना दोर बांधले आहेत आणि ताडी काढणारे लोक एका झाडावरून दुसऱ्या झाडावर त्या दोरांवरून चालत जातात. मी त्याला सहज म्हटलं, तुम्ही पण आमच्या भावासारखे इंजिन बंद करून घाट उतरता.

त्याने गाडी रस्त्याच्या कडेला घेतली आणि मागे वळून माझ्याकडे पाहिलं. "बंद? किसने बोला बंद? बेन, मेरा नाम खराब करते हो!"

मी म्हटलं, मी स्वतः बसले होते.

"कान में क्या था? गादी?"

माणिकबाई इतक्या हसल्या की त्यांना खोकला आला. साल्दिन मात्र हसला नाही. पुढचा सगळा रस्ता तो आपला मोठेपणा सांगत होता. म्हणाला, उतारावर गाडीला ब्रेक धरून ठेवत नाही, इंजिन धरून ठेवतं. ब्रेक फक्त शेवटी लागतो. बारीक गेर, म्हणजे पहिला-दुसरा, टाकला की इंजिन स्वतःच मागे ओढतं. मध्येच म्हणाला की या बेटावर त्याच्यासारखा ड्रायव्हर नाही आणि गव्हर्नरसुद्धा त्याला ओळखतात. त्यामुळे त्याच्या बोलण्यातलं किती धरायचं ते मला कळत नाही. पण इंजिन चालू होतं हे नक्की. मी घरी येऊन खुशालरावांनाही विचारलं. ते त्या दिवशी पुढे बसले होते आणि त्यांच्या कानात कापूस नव्हता.

आता दुसरी गोष्ट, आणि ती लिहिताना मला भीती वाटते. चिखलदऱ्याच्या घाटातल्या मोथ्याच्या वळणाबद्दल आपल्या घरात वर्षभर कोणी मोठ्याने बोललेलं नाही, म्हणून मीच बोलते. गेल्या वर्षी होळीच्या आधी मी माणिकबाईंसाठी चिखलदऱ्याचा बंगला पाहून तुझ्याच उतारूंच्या मोटारीने परत येत होते. गाडीत होळीच्या बाजाराला निघालेले कोरकू लोक, त्यांच्या टोपल्या, कोंबड्या. मोथ्याच्या पुढच्या वळणावर गाडी आवरली नाही. तू ती डोंगराच्या अंगाला घातलीस म्हणून आम्ही सगळे वाचलो. ते तुझंच कौशल्य होतं, हे मी तेव्हाही सांगितलं होतं. एका म्हातारीचं मनगट मोडलं. हुसेनभाई, तुमचा पाय गेला तो परत आला नाही.

फौजदारांनी एकेकाला विचारलं, इंजिन चालू होतं का? सगळे म्हणाले, चालू होतं, ब्रेक लागला नाही. हुसेनभाई, तुम्ही खाटेवर पडल्या पडल्या तेच म्हणालात. का म्हणालात ते मी विचारत नाही. मला विचारलं तेव्हा मी म्हटलं, बंद होतं. दादाचं लायसन एका वर्षासाठी गेलं. घरी आल्यावर दादा एवढंच म्हणाला, "तुले शाळेत घातलं तेच चुकलं." मग एक शब्द नाही. मी इकडे निघाले तेव्हा अमरावतीच्या गाडीपर्यंत माझी ट्रंक वहिनीने उचलली.

दादा, आता तू म्हणशील की हिला बंद इंजिन आणि चालू इंजिन यातला फरक कळत नाही. लंकेत चुकली तशी मोथ्यालाही चुकली असेल. मी काल दिवसभर हाच विचार केला. माणिकबाईंना वाचून दाखवताना एक पान दोनदा वाचलं, त्यांनी टोकलं. तुझं वर्ष माझ्या कानांवर विसंबून गेलं आहे. ते कान चुकीचे असतील तर?

याचं उत्तर मी आज देत नाही. नक्की माहीत नसलेलं मी दुसऱ्यांदा लिहिणार नाही. पण उत्तर काढणार आहे. आणि तोपर्यंत तुझ्या हिताची एकच गोष्ट ठाम सांगते: कडुगन्नावाचा दाखला देऊ नकोस. तो तुझ्या बाजूचा नाही.

बाळाच्या गालाला माझा हात लाव, वहिनी.

अनसूया

—

कोलंबो, गुरुवार, १८ मार्च १९३७

दादा,

उत्तर मिळालं. मोथ्याला मी चुकले नव्हते. आता सगळं क्रमाने सांगते.

मला त्याच घाटातून पुन्हा उतरायचं होतं, उघड्या कानांनी. पण गाडी माझी नाही. माणिकबाईंना कँडीला पुन्हा कसं न्यायचं? मी खोटं कारण सांगू शकत नव्हते, म्हणून खरंच सांगितलं. भावाचा जीव, वहिनी, बाळ, पाडवा. त्यांनी सगळं ऐकून घेतलं आणि म्हणाल्या, "तुह्या या स्वभावानं तुहं लग्न होत नाही. कोणता नवरा असली साक्ष घरात ठेवंल?" मग हाक मारून म्हणाल्या, "खुशालराव, मंगळवारी गाडी सांगा. मले पुन्हा देवदर्शन करायचं आहे."

मंगळवारी पहाटे निघालो. पेट्टा नावाच्या बाजारातून जाताना ट्रामगाड्या सुरू झाल्या होत्या. (मागे मी ट्रामला घोडे जोडतात असं लिहिलं होतं का? लिहिलं असेल तर तेही चूक. त्या विजेवर चालतात.) केळणी नदीचा लोखंडी पूल ओलांडला की शहर संपतं आणि रस्ता मात्र तसाच राहतो. काळा, डांबरी, न हलणारा. आपल्या परतवाड्याच्या रस्त्यावर दोन गावांत जेवढे हादरे बसतात तेवढे इथे दिवसभरात बसत नाहीत. तू इथे असतास तर रस्त्यावर उतरून हात लावून पाहिला असतास. दोन्ही बाजूला भातखाचरं, केळी, फणस, मध्येच रबराची झाडं आणि प्रत्येकाच्या खोडाला बांधलेली करवंटी. एका ठिकाणी नदीत हत्तींना निजवून नारळाच्या काथ्याच्या सोडणांनी घासत होते. माणिकबाई म्हणाल्या, "आमच्या जावयाले एवढं कोणी घासलं असतं तर!"

कँडीला देवळाबाहेर फुलं विकणाऱ्या बायका बसतात. दादा, इथे फुलं ओवत नाहीत. देठ काढून नुसती ताटात मांडतात. आपला पांढरा चाफा, कमळाच्या कळ्या. माणिकबाई आत होत्या तोवर माझे हात रिकामे राहिले नाहीत. मी पदराचा दोरा काढून चाफा ओवायला लागले. फुलवाल्या बायका जवळ येऊन हसल्या, एकीने माझ्या हातातली माळ घेऊन आपल्या टोपलीवर टांगली. कितीही शिकले तरी नत्थुजी माळ्याची पोर. पण मी तेव्हा फुलांचा विचार करत नव्हते. घाटाचा करत होते.

परतताना मी साल्दिनच्या शेजारी बसले. माणिकबाईंनी कापूस पुढे केला, मी नाही म्हटलं. त्या म्हणाल्या, "डोकं धरलं तर मले सांगू नको."

घाटाच्या माथ्यावर, उतार लागायच्या आधी, साल्दिनने गेर बदलला. इंजिनाचा आवाज एकदम वाढला. घोगरा, रागावल्यासारखा. मला वाटलं काही बिघडलं. तो म्हणाला, "सुनो बेन, ये पकड रहा है." खरंच, गाडी उतारावर पळायला पाहत होती आणि इंजिन तिला मागे धरून ठेवत होतं. वळणावर वळण गेलं. त्याचा पाय ब्रेकवर अधूनमधून पडत होता, बसून नव्हता. त्या कोरलेल्या खडकातून जाताना आवाज इतका घुमला की माणिकबाईंनी कापसावरून कान दाबले. आणि हाच घाट मी मागच्या वेळी "शांत" म्हणून लिहिला होता!

एवढ्याने माझी मागची चूक पक्की झाली. पण मोथ्याचा प्रश्न राहिलाच होता. घाट संपल्यावर एक सौम्य उतार लागतो, सरळ, दोन्ही बाजूला भात, समोर कोणी नाही. मी साल्दिनला म्हटलं, इथे क्षणभर इंजिन बंद करा.

"क्यूँ?"

मला ऐकायचं आहे.

"बेन, मालिक पूछेगा तो क्या बोलूँगा?"

मागून माणिकबाई म्हणाल्या, "कर रे बाबा. ही आयकणार नाही. घरी जाऊन मले झोपू देणार नाही."

त्याने एक हात ब्रेकच्या दांड्यावर ठेवला आणि बंद केलं.

दादा, आधी काहीच ऐकू आलं नाही. मग एकेक करत सगळं आलं. डांबरावर चाकांची सरसर. वारा. कोणाच्या तरी घरात मुसळ पडत होतं ते. मागे माणिकबाईंनी श्वास घेतला तो. आणि त्याच वेळी गाडी हलकी झाली. कोणीतरी धरलेला हात सोडावा तशी सुटली. मी दोन्ही हातांनी दार धरलं. मला इथल्या भाताच्या जागी मोथ्याचे साग दिसत होते.

साल्दिनने लगेच इंजिन चालू केलं. मी त्याला म्हटलं, पुरे. झालं.

आता पुरावा देते, कारण नुसतं "मला आठवलं" म्हणणं पुरेसं नाही. तो भाग हुसेनभाईंसाठी आहे, पण मोठ्याने वाचा.

हुसेनभाई, त्या दिवशी मी मागच्या बाकावर होते, सगळ्यात शेवटी. तुम्ही पुढे दादाच्या शेजारी होता आणि तुमच्या पायांत कोरकूंचा एक कोंबडा बांधून ठेवला होता. आपल्या मोटारीत मागच्या बाकावरून गाडी थांबवायची तर पत्रा बडवावा लागतो, ओरडून भागत नाही. होय ना? मोथ्याच्या वळणाच्या जरा आधी त्या कोंबड्याने तुमच्या पोटरीला चोच मारली. तुम्ही त्याला शिवी दिलीत. मोठ्याने नाही, बायका होत्या म्हणून तोंडातल्या तोंडात. "अबे ओ कोतवाल की औलाद," असं म्हणालात. मी ते ऐकलं. मला हसू आलं आणि मी पदर तोंडाला लावला. पुढच्याच श्वासाला वळण आलं.

तुम्ही तोंडातल्या तोंडात बोललेलं मला मागच्या बाकावर कसं ऐकू आलं? इंजिन चालू असतं तर?

दादा, त्या दिवशी माझ्या कानात काही नव्हतं.

एक गोष्ट आणखी, मग संपवते. आपल्या स्टँडवर सगळेच ड्रायव्हर घाट बंद गाडीने उतरतात हे मला माहीत आहे. चढावर जाळलेलं पेट्रोल उतारावर वसूल करायचं, आणि जो जास्त लांब बंद जाईल तो मर्द. तू त्यांच्यात पहिला. पण तू मोटारीच्या आधी बैलगाडी हाकलीस. भाजीच्या टोपल्यांवर बसवून मला शाळेत नेलंस ती तीच गाडी. उतार आला की बाबा काय करायचे? बैल मागे रेटायचे, जू त्यांच्या मानेवर चढायचं, खूर रुतायचे आणि भरलेली गाडी हळूहळू उतरायची. बाबांनी कधी उताराच्या माथ्यावर बैल सोडून दिले आणि गाडी तशीच खाली लोटली, असं तू पाहिलंस का?

साल्दिनची सगळी फुशारकी मी बाजूला ठेवली. बाबांच्या बैलांवर माझा विश्वास आहे.

वहिनी, नारळाच्या दोरीची एक छोटी बाहुली घेतली आहे. बाळ ती चावेल, चावू दे.

अनसूया

—

कोलंबो, शनिवार, ३ एप्रिल १९३७

दादा,

हुसेनभाईंचं पत्र आलं. लांब आहे, आणि पहिल्यांदाच त्यांनी वहिनीच्या तोंडचं नाही, स्वतःचं लिहिलं आहे. त्यांनी लिहिलं ते तुला माहीतच असेल, पण मला काय कळलं ते तुलाही कळावं म्हणून लिहिते. माझ्याकडे एक आणि तुझ्याकडे दुसरं असं आता नको.

माझं बारा तारखेचं पत्र त्यांनी अर्धंच वाचून दाखवलं होतं. मोथ्याच्या आधीच थांबले आणि "बस, सलाम लिहिला आहे" म्हणाले. वहिनीने धरलं. "एवढी पानं अन् एवढ्यात सरली? पोरगी सलामाले चार पानं लिवते का? वाचा भाईजान, नाहीतर चहा मिळणार नाही." मग त्यांनी सगळं वाचलं. तू ओसरीवरून उठून आत आलास आणि म्हणालास, "तिच्या कानात तवाबी कापूस असंल." एवढं बोलून छपराखाली मोटारीत जाऊन बसलास. हुसेनभाई म्हणतात, तू त्या दिवशी जेवायला आला नाहीस.

दादा, मला राग आला नाही. मी तेच म्हणशील असं आधीच लिहिलं होतं.

त्यानंतरचं पत्र आलं तेव्हा तू घरातच होतास. हुसेनभाई लिहितात, "बहन, मुर्ग्यापर्यंत आलो अन् पुढं वाचता येईना. आधी हसू आलं. मग दुसरंच झालं. पार्बताबाई, तुही वहिनी, म्हणे, काय झालं? मी तुह्या दादाले म्हटलं, गोवर्धन, मी त्या मुर्ग्याले पुटपुटूनच बोललो होतो बे. माह्या बाजूले बसून तुलेबी आयकू आलं असंल. तिले मांगं कसं आयकू आलं? बंदच होती यार गाडी. मी फौजदाराले झूठ बोललो. तू माहा दोस्त म्हणून बोललो. पण माहा पाय तर तुह्यासाठी झूठ बोलत नाही ना."

हुसेनभाई, हे तुम्ही तुमच्या तोंडाने बोललात, माझ्या पत्राच्या आड लपून नाही. मी तुम्हाला आणखी काही म्हणणार नाही.

यावर तू काय म्हणालास ते त्यांनी लिहिलेलं नाही. पण वहिनीने शेवटी दोन ओळी त्यांच्याकडून लिहून घेतल्या आहेत. दुसऱ्या दिवशी मोटारीचं बॉनेट उघडून तू तिला म्हणालास, "बुढा उतारावर बैल सोडत नव्हता हे मात्र खरं हाय." आणि संध्याकाळी चहा पिताना हुसेनभाईंना विचारलंस, "तिले लिव, तो लंकेचा डायव्हर गेर कवा टाकते? उतार लागायच्या आंधी का वळणावर?" आणि वर बजावलंस, "मी नाही विचारत. तुले पायजे म्हणून लिव."

हुसेनभाई, तुम्हाला हवं आहे म्हणून सांगते. उतार लागायच्या आधी. गाडी पळायला लागल्यावर बारीक गेर पडत नाही, नुसता दात खाल्ल्यासारखा आवाज येतो. माथ्यावरच, गाडी हळू असताना, दुसरा गेर टाकायचा आणि पायथ्यापर्यंत काढायचा नाही. साल्दिन काल पुन्हा म्हणाला, "जिस गेर में चढ़ता है, उसी में उतरना. भाई को बोलो." मी त्याला सांगितलं की माझ्या भावाला कोणी काही सांगू शकत नाही, पण तो ऐकतो. ओसरीवरून ऐकतो.

दादा, पण विचारणं वेगळं आणि करणं वेगळं. स्टँडवर सगळे बसलेले असतील. पाडव्याचा दिवस, मोटारीला झेंडूच्या माळा, वर्षभराने तू परत आलास म्हणून सगळे पाहायला येतील. कोणीतरी म्हणेल, "गोवर्धन, बंद उतरून दाखव, का बहिणीले भेलास?" मला माहीत आहे, ते वाक्य उतारावर बैलाच्या मानेवर चढणाऱ्या जुवापेक्षा तुला जड पडेल. तेव्हा माझं पत्र तुझ्या खिशात असून उपयोग नाही. मी तिथे असले पाहिजे.

म्हणून असं ठरवलं आहे. माणिकबाई उन्हाळाभर इथेच राहणार. त्यांनी मला एक महिन्याची रजा दिली आणि म्हणाल्या, "जा, अन् तुह्या भावाले सांग, अकोल्याच्या माणिकबाईचा कापूस चांगला आहे, नुसता कानात घालू नये." येत्या सोमवारी संध्याकाळच्या गाडीने मी निघते. तलैमन्नारला बोट, मग धनुष्कोडी, मद्रास, वर्धा, बडनेरा. धामणगाव गेलं की मी खिडकीत उभी राहीन, कारण तिथून पुढे हवेला सरकीचा वास येतो. हे पत्र माझ्या एक-दोन दिवस आधी पोचेल.

स्टेशनवर घ्यायला यायची गरज नाही. माझी ट्रंक मी उचलेन, आता ती हलकी आहे.

पाडव्याला सकाळी मी परतवाड्याच्या स्टँडवर असेन. हुसेनभाईंनी लिहिलं आहे की पुढची जागा ते मला देतील, आणि ते स्वतः मागच्या बाकावर बसून पाहतील की तिथून काय काय ऐकू येतं. मी चिखलदऱ्याला वर जाईन, वहिनीबरोबर देवीच्या पाया पडेन आणि बाळाला मांडीवर घेऊन तुझ्या शेजारी बसेन. उतार लागला की मी डोळे मिटेन. तुझ्या हाताकडे, गेराकडे, पायाकडे पाहणार नाही. तुझ्यावर पहारा करायला मी समुद्र ओलांडून येत नाहीये. मी फक्त ऐकेन.

इंजिन रागावल्यासारखं ओरडत राहिलं तर मी पायथ्यापर्यंत एक शब्द बोलणार नाही, आणि त्यानंतर तुला बोलायचं असेल तर तू बोल. इंजिन गप्प झालं तर मी गाडी थांबवायला सांगेन, वहिनीला आणि बाळाला घेऊन खाली उतरेन आणि आम्ही मोथ्याहून पायी घरी येऊ. स्टँडवर कोणी विचारलं, की का उतरलात, तर जे ऐकलं ते सांगेन. गेल्या वर्षीसारखंच सांगेन.

मला वाटतं, आम्हाला चालावं लागणार नाही. हे मी नक्की म्हणून लिहीत नाही, पण तुला ओळखते म्हणून लिहिते. तू गाडी डोंगराच्या अंगाला घातलीस तेव्हाही तुला माणसं आधी आठवली होती.

वहिनी, बाळाच्या कानात काही घालू नकोस. त्यालाही ऐकू दे.

पुढची जागा माझी. पाडवा, सोमवार, बारा एप्रिल.

अनसूया